दुसऱ्या मजल्यावरचं घर

"मग रविवारी तुमच्या दुसऱ्या घरी किती वाजता यायचं?" शाळेच्या फाटकापाशी लेकीच्या मैत्रिणीच्या आईने विचारलं, तेव्हा खारूची आई खाली वाकून तिचा घसरलेला मोजा वर ओढत होती. तिला वाटलं, प्रश्न दुसऱ्याच कुणाला असेल. ती मोज्याचं काम उरकून उभी राहिली, तर बाई तिच्याकडेच बघत होत्या.

बाई दातांच्या डॉक्टर होत्या. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणालाही जरा सांभाळून हसावं लागे. त्यांनी हसत हसत सांगितलं, की खारूने सगळी माहिती अगदी तपशीलवार दिली आहे. पुलापलीकडची काचेची इमारत, दुसरा मजला, हिरवा सोफा, पिवळ्या टोपीचा दिवा आणि शिडी लावून चढायचा पलंग. गालिचा पांढरा आहे म्हणून येताना स्वच्छ मोजे घालायचे, हेही सांगितलंय. घर नंबर तेवढा तिला आठवत नाही.

खारूच्या आईने खाली पाहिलं. साडेपाच वर्षांची खारू तिचं बोट धरून उभी होती आणि वर बघत होती, वाढदिवसाच्या केकवरून झाकण उचलायच्या वेळी मुलं बघतात तशी.

"चार वाजता," ती म्हणाली. "खाली दारात हिचे बाबा उभे राहतील."

ते घर म्हणजे फर्निचरचं दुकान होतं.

खारूचा बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी त्या दुकानाची लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा हा गेला आणि संध्याकाळी घरी येऊन सांगू लागला, की दुसऱ्या मजल्यावर त्यांनी आख्खी घरं मांडून ठेवली आहेत. बैठकीची खोली, झोपायची खोली, मुलांची खोली, स्वयंपाकघर. फक्त नळाला पाणी नाही आणि खिडकीच्या जागी झाडांचं चित्र आहे. पुढच्याच रविवारी तिघं बघायला गेले. आत गारवा होता, स्वच्छतागृह होतं, आणि तासभर बसूनही कुणी काही विचारलं नाही.

हे तिघं राहायचे ती एकच खोली होती, गच्चीच्या खाली. उन्हाळ्यात दुपारी भिंतीला हात लावला तर तापलेल्या तव्याची आठवण व्हायची. तेव्हा रविवारी बाहेर पडणं ही नुसती हौस नव्हती. त्यासाठी खारूच्या आईचे नियम ठरलेले होते. तिकीट नसलं पाहिजे, चालत जाता आलं पाहिजे आणि लहान मुलाला अचानक लागली तर सोय पाहिजे. या नियमांत बसणाऱ्या जागा तिने हुडकून काढल्या होत्या. नदीकाठची बाग, अग्निशमन दलाचं फाटक, जिथे बंब धुताना बघता येतात, महिन्यातून एकदा फुकट उघडं असणारं संग्रहालय. आणि ऊन किंवा पाऊस फार असला की दुसरा मजला. हिरव्या सोफ्यावर पहिल्यांदा पाय पसरले तेव्हा बाबा म्हणाला होता, "चला, आलो एकदाचे आपल्या दुसऱ्या घरी." तेव्हापासून घरात तेच नाव पडलं. खारू तेव्हा अडीच वर्षांची होती. ती हसली नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुकानात बसू देतात ते कपड्यांकडे बघून, हे खारूच्या आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लिफ्ट कंपनी दर दोन वर्षांनी गणवेश बदलायची. जुने निळे शर्ट इतर कारागीर हात पुसायला वापरत. ती ते उसवायची. पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं असे, तेवढा भाग वगळायचा, खिसे तसेच ठेवायचे. अशा चार शर्टांतून तिने स्वतःला कॉलरचा एक ड्रेस शिवला होता आणि उरलेल्यात खारूचा फ्रॉक. इस्त्रीची वीज वाचवायला कपडे शनिवारी किंचित ओलसर असतानाच घडी घालून गादीखाली जायचे. बूट तिघांचे तीच घासायची. शेजारची मंडळी विचारत, कुठून घेतलात. ती म्हणायची, "यांच्या ऑफिसमधून," आणि ते खोटं नव्हतं. अशा कपड्यांत तिघं आत शिरले की दारावरचा रखवालदार सलाम ठोकायचा. बाबा न चुकता सलाम परत करायचा आणि लिफ्टमध्ये गेल्यावर म्हणायचा, "आपला माणूस चांगलाय."

सोमवारी फाटकापाशी झालेलं तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो आधी पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला.

"म्हणजे तिला खरंच वाटतं?"

"मग काय तर."

"तू सांगून टाक."

"तू सांग. नाव तू ठेवलंस."

मंगळवारी चहाच्या वेळी त्याने सांगून पाहिलं. थेट विषयाला हात घालायचा धीर झाला नाही, म्हणून लिफ्टवरून सुरुवात केली. समजावलं, की बघ, मी इतक्या इमारतींच्या लिफ्ट बघतो, पण म्हणून त्या लिफ्ट माझ्या होत नाहीत. खारूने पाव चहात बुडवून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण किल्ली तर तुझ्याकडेच असते." यावर तो हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेला.

शुक्रवारी आईने प्रयत्न केला. खारू स्टुलावर उभी होती आणि आई तिच्या फ्रॉकची खालची दुमड उसवून बोटभर सोडत होती.

"खारू, ते दुसरं घर कुणाचं गं?"

"आपलं."

"मग आपण तिथे झोपायला का जात नाही?"

खारूने विचार केला. तिला असे प्रश्न आवडायचे. "कारण इथून शाळा जवळ पडते," ती म्हणाली.

आईने दाताने दोरा तोडला.

तिला स्वतःची लाज वाटत नव्हती, असं नाही. पण एका खोलीत राहतो हे डॉक्टरीणबाईंना कळेल, तर कळू दे. त्यापेक्षा तिला डोळ्यांपुढे पुढचा सोमवार दिसत होता. शाळेचं पटांगण, डब्याची सुट्टी, आणि कुणीतरी मोठ्यांदा म्हणतंय, खारू खोटारडी आहे, तिचं घर दुकानात आहे. पोरीने आयुष्यात एकही थाप मारली नव्हती आणि हा शिक्का तिच्या कपाळी आईबापांच्या गमतीमुळे बसणार होता. नवऱ्याने सुचवलं की ताप आलाय म्हणून कळवून टाक. तिने फोनवर तसं लिहिलंही. मग तिला वाटलं, खारूने विचारलं, कुणाला ताप आलाय, तर काय सांगायचं? तिने ते पुसून टाकलं.

रविवारी ते अर्धा तास आधीच पोहोचले. बाबा खाली दारात थांबला. दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर खारूने नेहमीप्रमाणे गालिच्याच्या कडेला बूट काढले आणि ती आत गेली. हिरव्या सोफ्यावर एक नवरा-बायको बसले होते. गळ्यात मोजपट्टी अडकवलेले दुकानातले काका त्यांना सोफ्याची लांबी सांगत होते. खारू त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "तुम्ही कुणाकडे आलात?"

सोफ्यावरची बाई हसली. तिचा नवराही हसला. मोजपट्टीवाले काका या कुटुंबाला ओळखून होते. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी खारूच्या आईकडे एकदा बघितलं, आणि पलीकडे आणखी एक सोफा दाखवतो असं म्हणून त्या जोडप्याला घेऊन गेले.

खारू आईकडे वळली. ते लोक का हसले, हे तिला समजलं नव्हतं. आईने तिला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः पुढ्यात गालिच्यावर बसली.

"खारू, हे घर दुकानाचं आहे. विकायला मांडून ठेवलंय. आपण इथे नुसते बसायला येतो."

"सगळं दुकानाचं?"

"सगळं."

"शिडीचा पलंग पण?"

"तो पण."

खारूने पिवळ्या दिव्याकडे पाहिलं, मग झाडांच्या चित्राकडे. "बाबाला माहितीये?"

"माहितीये. आम्ही दोघं गमतीत तसं म्हणायचो. तुला नीट सांगायला हवं होतं, ते राहिलं. चूक आमची आहे, तुझी नाही."

खारू रडली नाही. रडली असती तर आईला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या मुलीचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. खारूने नुसती मान हलवली, शाळेतल्या बाईंनी वर्गात काही समजावल्यावर हलवायची तशी. तेवढ्यात लिफ्टची घंटा वाजली आणि बाबा पाहुण्यांना घेऊन बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की वर येईपर्यंत त्याने हवापाण्याखेरीज एक शब्द काढला नव्हता.

डॉक्टरीणबाई गालिच्याच्या कडेला थबकल्या. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली भेट होती, नव्या घरी नेतात तशी. त्यांनी सोफा पाहिला, दिवा पाहिला, पलीकडच्या कोपऱ्यात टेबलाखाली डोकं घालून त्याचे पाय तपासणारा एक माणूस पाहिला.

खारूची आई उभी राहिली. "हे आमचं घर नाही," ती म्हणाली. "आमची खोली लहान आहे, दुपारी फार तापते. म्हणून रविवारी आम्ही इथे येऊन बसतो. घरात गमतीने याला दुसरं घर म्हणायचो आणि हिने ते खरं धरलं. तुम्हाला फाटकापाशीच सांगायला पाहिजे होतं. मला जमलं नाही."

एवढं बोलून तिने हात पुढे बांधले, निळ्या ड्रेसच्या खिशांवर.

"आणि बसलं तर कुणी उठवत नाही?" बाईंनी विचारलं.

"नीट बसलं तर नाही उठवत."

बाईंनी बूट काढले. भेट त्यांनी स्वतःच्या पिशवीत परत टाकली, ते खारूच्या आईला आवडलं. मग त्या हिरव्या सोफ्याच्या एका टोकाला टेकल्या आणि पाठ मागे टाकून म्हणाल्या, की आपल्या घरी असं बसायला मिळत नाही. जरा पाठ टेकली की कुणाची तरी दाढ दुखायला लागते.

मैत्रीण तोवर खारूपाशी पोहोचली होती. पांढरे शुभ्र मोजे घालून आली होती. "शिडीचा पलंग कुठाय?" तिने विचारलं.

खारूने आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. बाबा लिफ्टच्या दाराकडे बघत होता.

"तो आमचा नाहीये," खारू म्हणाली. "पण दाखवते, चल."

मैत्रिणीने बरं म्हटलं. पलंग कुणाचा, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. दोघी शिडीवर चढल्या, उतरल्या, पलंगाखाली शिरल्या. तिथून बराच वेळ फक्त चार पाय दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी ड्रेस कुठून घेतला म्हणून विचारलं. खारूच्या आईने तोंडावर आलेलं नेहमीचं उत्तर गिळलं आणि सांगितलं, "यांच्या जुन्या शर्टांचा शिवलाय." बाईंनी कॉलर उलटून टाके बघितले, दोनदा बघितले, आणि आपला पांढरा कोट खांद्यावर फार ओढतो, तो दुरुस्त होईल का, असं विचारलं. पुढच्या रविवारी आमच्याकडे या, म्हणाल्या. बघू, असं खारूची आई म्हणाली. पण ते टाळण्यासाठी नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर बाई निघाल्या. बाबा त्यांना सोडायला लिफ्टने खाली गेला. जाताना मैत्रिणीने खारूला सांगितलं, की उद्या डब्याच्या सुट्टीत पायऱ्यांवर तुझी जागा धरते. सोमवारचं ओझं आईच्या छातीवरून उतरलं. तिने पिशवी खांद्याला लावली आणि चल गं, म्हणत मागे वळून पाहिलं.

एरवी खारू सोफ्यावरून उडी मारून जी सुटायची ती थेट लिफ्टपाशी. आज ती सोफ्यासमोर उभी होती. ती बसली होती तिथे गादीला खळगा पडला होता, तो ती तळहाताने सारखा करत होती. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. उशी उचलून तिने कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या टोकाची उशी बघून आली आणि आपली तशीच तिरकी केली. मोजपट्टीवाले काका जवळून चालले होते. ते म्हणाले, "असू दे बाळ, आम्ही करतो."

"झालंच," खारू म्हणाली.

एक पाऊल मागे जाऊन तिने सोफा नीट बघितला. इथे कुणी बसलं होतं असं आता वाटत नव्हतं. मग बूट हातात घेऊन, पांढऱ्या गालिच्याला वळसा घालून, ती कडेकडेने आईकडे आली.