ओल्या जमिनीचा आळ

पहिल्या वेळी बोंग-सिक आजोबांनी जवाचा चहा सांडला असं सांगितलं आणि ते खपलं. दुसऱ्या वेळीही चहाच सांडला. पण थंडीचे दिवस होते, फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी खेळत होतं, आणि तापल्या जमिनीवर वाळलेल्या चहाला चहाचा वास येतो. हा वास निराळा होता. सून मी-रान स्वयंपाकघरातून आली, नाक वर करून उभी राहिली आणि तिची नजर कोपऱ्यातल्या बामी कुत्रीकडे वळायला लागली.

"मीच गं," आजोबा घाईघाईने म्हणाले. "वेळेवर उठता आलं नाही."

मी-रानची नजर अर्ध्या वाटेत थांबली आणि खाली गेली. ती फडकं घेऊन आली. आजोबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उल्सानच्या गोदीत एका हाकेसरशी वेल्डरांची टोळी हलवणारा हा माणूस, आज सुनेसमोर स्वतःच्या तोंडाने चड्डी ओली केल्याचं कबूल करत होता, आणि तेही न केलेलं. शरमेनं जीव अर्धा झाला. पण दुसरा इलाज नव्हता.

बामी दोन वर्षांची. लांब पाठ, बोटभर पाय आणि डोळ्यांत सगळं जग आपलंच असल्याचा भाव, अशी तपकिरी डॅक्सहुंड. नात सोरा नोकरीसाठी बुसानला गेली आणि कुत्री मागे राहिली. मी-रानने तेव्हाच बजावलं होतं, "बाबा, ही घरात एकदा जरी मुतली ना, तर सरळ चोंगसोंगला पाठवीन. दादाच्या सफरचंदाच्या बागेत." तिच्या त्या भावाच्या बागेतली कुत्री आजोबांनी पाहिली होती. दोन हात साखळी, झोपायला पत्र्याचं पिंप, वाडग्यातल्या पाण्यावर बर्फाची साय. बामी तिथे एक हिवाळा काढणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि बामीनेही कधी तशी वेळ आणली नव्हती. न्हाणीघरातल्या कापडावर जाऊन गुपचूप उरकायची. मग या मंगळवारीच काय झालं?

सोरा सुट्टीला येऊन परत गेली म्हणून रुसली असेल, असं आजोबांनी ठरवून टाकलं.

"रुसायचं तर जेवणावर रुसावं," त्यांनी तिच्या कानात समजावलं. "जमिनीवर कसला राग काढतेस, बये?"

आजोबांचे गुडघे केव्हाच गेले होते. सोराने बामीसाठी हौसेने घेतलेली बाबागाडी ढकलत ते रोज दुपारी इमारतींच्या मधल्या बागेत फिरायला जात. बामी आत बसे, आजोबा दांड्यावर भार टाकत. कोण कोणाला फिरवतंय हे विचारण्यात अर्थ नव्हता. बाकावर बसलेल्या बायकांना तेवढंच निमित्त मिळे.

"काय आजोबा, राजकन्येचे पाय कधी जमिनीला लागतात की नाही?"

"तुमच्यासारख्यांच्या नजरा लागतात ना," आजोबा म्हणत आणि खूश होऊन पुढे जात. घरीही तेच. गादीवरून उचलून गाडीत, गाडीतून मांडीवर, मांडीवरून पुन्हा गादीवर.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या उशाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पाकीट आलं. आत मोठ्या माणसांचे डायपर होते. आजोबांच्यातला जुना मुकादम जागा झाला. सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कोरा डायपर चुरगळून कचऱ्यात टाकला आणि मी-रानला तो दिसेल याची काळजी घेतली. बामीखालची जमीन मात्र ते मी-रान उठायच्या आत, गुडघे मोडत पुसत होते.

त्याच दुपारी बंद दारातून मी-रानचा आवाज ऐकू आला. ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. "अहो, रोजचंच झालंय आता. बाबांचं काहीतरी बघायला हवं."

'काहीतरी' म्हणजे काय ते आजोबांना कळलं. आठव्या मजल्यावरच्या त्यांच्या मित्राचंही गेल्या वर्षी असंच काहीतरी बघितलं होतं. वृद्धाश्रमातून त्याचा आधी फोन यायचा, आता तोही येत नाही. खरं सांगितलं तर बामी जाणार, नाही सांगितलं तर आपण. त्यांनी बामीच्या पाठीवरून हात फिरवला आणि उद्यासाठी आणखी एक डायपर चुरगळून ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी-रान मुळा चिरत होती. आजोबा बामीच्या गादीशी आले. दुसराही डायपर कचऱ्यात जाऊन पडला होता. बामी ओल्यात पडली होती, आणि आपण ओल्यात आहोत याचा तिला पत्ताच नव्हता. त्यांना बघून तिने कान टवकारले, पुढच्या पायांवर रेटा दिला. मागचा भाग ओल्या टॉवेलसारखा फरफटत आला. शेपटीत हालचाल नव्हती.

आजोबांनी तिच्या मागच्या पंजाची दोन बोटं चिमटीत धरली आणि दाबली. जरा जोरात दाबली. बामी त्यांच्या तोंडाकडे प्रेमाने बघत राहिली, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता.

हा रुसवा नव्हता.

"सोराची आई!" ते ओरडले. "गाडीची किल्ली घे! आत्ताच्या आत्ता!"

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण हात झरझर चालत होते. तिने बामीची पाठ चाचपली, फोटो काढला. "मणक्यातली गादी सरकलीय. नस दबल्ये. हिचा लघवीवरचा ताबा कधीपासून गेलाय?"

"आजच," मी-रान म्हणाली. "घरात कधी थेंब सांडत नाही हो ती. फार शहाणी आहे."

"आजचंच असेल तर आधी ठरलेलं दुसरं ऑपरेशन उरकून संध्याकाळी हिला घेते. जुनं असेल तर आत्ताच घ्यायला हवं, एकेक तास मोलाचा आहे. आजचंच ना, नक्की?"

मी-रानने मान डोलावली. आजोबांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मंगळवारपासून," ते म्हणाले.

"मंगळवारी?" मी-रान वळली. "बाबा, मंगळवारी तर तुम्ही..."

"मी नाही. एकदाही नाही. सगळं हिचंच होतं."

डॉक्टरणीला त्यांच्या घरातल्या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. तिने चिमटा उचलला. "हिला वेदना कळली तर आशा आहे. नाही कळली तर मी खोटा धीर देणार नाही."

डाव्या पंजावर चिमटा बसला. बामी ढिम्म. उजव्यावर बसला. काही नाही. डॉक्टरणीने हाडापर्यंत दाबलं, तसे आजोबाच कळवळले आणि त्यांनी डोळे मिटले.

"कुंई."

अगदी बारीक आवाज होता. बामीने मान वळवून चिमट्याकडे दात विचकले होते.

"घ्या आत," डॉक्टरीण मदतनिसांना म्हणाली. जाता जाता थांबली. "मंगळवारीच आणली असती आजोबा, तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

बाहेरच्या बाकावर दोघं बसून राहिले. आजोबा बोटांवर दिवस मोजत होते, मंगळवार ते शुक्रवार. बामीला वाचवतो म्हणत आपणच तिचे पाय घालवले. त्यांना बाकावरच्या बायका आठवल्या. राजकन्येचे पाय खरोखरच जमिनीला लागत नव्हते आणि आपण हसत होतो.

"का केलंत असं?" मी-रानने शेवटी विचारलं.

"तू म्हणाली होतीस. बागेत पाठवीन म्हणून."

"मी?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमच्या मुलाला घराबाहेर काढीन असं मी रोज म्हणते. काढलाय का अजून?"

आजोबा ऑपरेशनच्या बंद दाराकडे बघू लागले.

"इकडे मी रात्ररात्र रडत होते," ती नाक पुसत म्हणाली, "की आमचे बाबा हातचे गेले. आणि तुम्ही एका कुत्रीपायी..." तिने फोन काढला, नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बाबांचं काही बघायचं नाहीये. ठणठणीत आहेत. नुसते खोटारडे आहेत," आणि ठेवून दिला.

दार उघडलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. डॉक्टरणीच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. "नस मोकळी केलीय. चालेल की नाही ते हळूहळू कळेल. लघवीचं मात्र सांगता येत नाही. महिना, दोन महिने, कदाचित जास्तच. सारखं पुसणं, डायपर बदलणं आलं. घरी जमणार आहे का तुम्हाला?"

आजोबांनी मान वर केली नाही. हा प्रश्न त्यांना नव्हता.

"डायपर आहेत घरी," मी-रान म्हणाली. "माप मोठं आहे, पण कातरून शेपटीला भोक पाडीन." मग ती सासऱ्यांकडे वळली. "पाकिटातले उरलेत ना, बाबा?"

"दोनच टाकलेत," आजोबा पुटपुटले. "तेही कोरेच."