पाहुणे आले की दाराआड

मित्रांनो, मला चार पाय आहेत, तरी मी एकटा कुठेच जात नाही. कुणीतरी माझ्या मुठी धराव्यात, मला उचलून थोडे पुढे ठेवावे आणि मग स्वतः एक पाऊल टाकावे, एवढाच माझा प्रवास. मी एक जुना वॉकर आहे. तुम्ही मला पाहिले असेल, पण नीट पाहिले नसेल. माणसे माझ्याकडे बघतात आणि लगेच नजर दुसरीकडे वळवतात. आता मला त्याची सवय झाली आहे, असे मी म्हणतो खरा, पण झालेली नाही.

माझ्या जन्माची गोष्ट फुशारकी मारण्यासारखी नाही. कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या कापल्या, वाकवल्या, घासून चकचकीत केल्या. पायांत रबरी बूट चढवले. बुटक्या माणसालाही मी चालावे आणि उंचालाही, म्हणून पाय कमी-जास्त करायचे खटके बसवले. तिथून मी एका रुग्णसाहित्य केंद्रात आलो. खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या अशी तिथे आमची मोठी बिरादरी होती. थोडी अनामत ठेवायची, वस्तू घरी न्यायची आणि गरज संपली की परत आणायची, अशी तिथली रीत.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. पायाचे हाड मोडलेल्या एका शिक्षिकाबाईंनी मला नेले. बऱ्या झाल्यावर परत करताना त्यांनी माझ्या मुठीवर थोपटले आणि वर्गातल्या मुलाला म्हणावे तसे "शहाणा आहेस" म्हणाल्या. नंतर एका किराणा दुकानदाराकडे गेलो. तिथे मी चालण्यापेक्षा ओले टॉवेल वाळवायच्याच कामी आलो. असो, तेही कामच.

मग एके दिवशी एक बाई केंद्रात आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, बोलायला फटकळ, आणि चेहऱ्यावर झोप न झालेली. तिच्या वडिलांसाठी तिला वॉकर हवा होता. त्या घरी मी जितका राहिलो तितका कुठेच राहिलो नाही.

तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, कापड कापणारे कटिंग मास्तर. त्यांचे सगळे आयुष्य लांब टेबलाशी उभे राहून गेले होते. ते टेबल अजून पुढच्या खोलीत होते, टेबलावर मोठी कात्री होती, आणि मास्तरांच्या गळ्यात अजून टेप असायची. पण त्यांना कंपवात झाला होता. आधी उजवा हात थरथरू लागला आणि कात्री सुटली. मग सुई सुटली. मग पायांनी दगा दिला. चालता चालता, विशेषतः दारात आले की, पाय जमिनीला चिकटून बसत. गोळी घेतली की थोडा वेळ सारे बरे चाले. गोळीचा जोर ओसरला की मास्तर पुन्हा होते तसेच.

मला पाहताच मास्तर म्हणाले, "हे काय आणलंस? कपडे वाळत घालायचा स्टँड?"

"तुमच्यासाठी आहे, बाबा."

"मला नको. मी काय म्हातारा झालोय?"

"छे हो, तुम्हाला तर अजून मिसरूड फुटायचंय," ती म्हणाली आणि तिने माझे पाय त्यांच्या उंचीला लावून टाकले.

मास्तरांनी नाइलाजाने मला धरले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी एक युक्ती सांगितली होती. जमिनीवर आडव्या रेघा मारायच्या. पाय अडला की पुढची रेघ ओलांडायची असे मनात आणायचे, म्हणजे पाय उचलला जातो. त्यासाठी मास्तरांनी स्वतःचा कापडावर खुणा करायचा निळा खडू काढून दिला. लेक गुडघ्यांवर बसून रेघा मारू लागली की ते वरून सूचना करत, "सरळ मार गं, गिऱ्हाइकाची पँट तिरकी होईल!" मग रेघ, मी, पाऊल, पुन्हा रेघ, असे आम्ही न्हाणीघरापर्यंत जाऊन येत असू. त्या दिवसांत आमची जवळजवळ मैत्री झाली होती.

जवळजवळ म्हणतो, कारण दार वाजले की ती मैत्री संपत असे. मास्तर झटकन खुर्चीत बसत आणि लेकीला डोळ्यांनी खुणावत. ती मला उचलून आतल्या खोलीच्या दाराआड ठेवी. तिथे एक झाडू आणि एक तार तुटलेली छत्री माझ्या सोबतीला असत. बाहेर मास्तर पाहुण्यांशी राजकारणावर बोलत, खो खो हसत. पाहुणा म्हणे, "मास्तर, तब्येत अगदी ठणठणीत हं!" ते ऐकून मला आत फार अपमान वाटत असे. ज्यांना मी धरून उभे केले, ते मला चारचौघांत ओळख देत नव्हते.

घराची खरी अडचण मात्र वेगळीच होती. घर लेकीच्या पगारावर चाले. मास्तरांना आता अंघोळीपासून जेवणापर्यंत माणूस लागे, म्हणून तिच्या रजा वाढत चालल्या होत्या. चष्म्याच्या दुकानाचा मालक माणूस चांगला होता, पण दुकान त्यालाही चालवायचे होते. नियमित येत असशील तर ये, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल, असे त्याने सांगून टाकले. दिवसभरासाठी मदतनीस ठेवावा तर तिचा निम्मा पगार त्यातच जाणार. अशा घरांसाठी सरकारचा मदतनीस भत्ता असतो, हे तिला व्यायामाच्या ताईंकडून कळले. आजारपणामुळे ज्या वृद्धांना अंघोळ, कपडे, चालणे दुसऱ्याच्या हाताशिवाय जमत नाही, त्यांना तो मिळतो. अर्ज करायचा, मग कार्यालयातून कुणीतरी घरी येऊन माणसाची स्थिती पाहते. लेकीने अर्ज केला. ती नोकरीवर राहणार की नाही, हे आता त्या एका भेटीवर ठरणार होते.

"बाबा, त्या दिवशी काही करू नका," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "आहात तसे बसा. बास."

"बरं बरं," मास्तर म्हणायचे.

त्या सकाळी लेकीने त्यांना अंघोळ घातली, शर्टाची बटणे लावून दिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिले. खिशातली गोळी वेळेआधीच तोंडात टाकली. पायाने जमिनीवरच्या निळ्या रेघा जमतील तेवढ्या पुसल्या. मग मला धरून ते आतल्या दारापर्यंत आले आणि त्यांनी मलाच दाराआड ठेवले. माझ्या आधाराने येऊन मला लपवणे याला काय म्हणावे, मित्रांनो? भिंत आणि टेबल धरत ते परत खुर्चीत जाऊन बसले.

तपासणीच्या बाई आल्या. मी दाराआडून ऐकत होतो.

"अंघोळ कोण घालतं?"

"घालायला कशाला हवं? करतो की."

"कपडे?"

"अहो बाई, कपड्यांचं मला विचारता? अर्ध्या गावाचे कपडे मी शिवलेत!"

"बाबा..." लेक म्हणाली.

"ही उगाच काळजी करते हो. चहा ठेव गं बाईंना."

परक्या माणसासमोर बापाला खोटे पाडणे तिच्याने होईना. एरवी एवढी फटकळ पोर, पण त्या दिवशी तिने चहा ठेवला. गोळी चांगली लागली होती. मास्तर बाईंना निरोप द्यायला चक्क दारापर्यंत चालत गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहून घेतले.

गोळीचा जोर ओसरला तेव्हा मास्तर अजून दारातच होते. पाय हलेनात. लेक मला दाराआडून ओढत घेऊन आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

"बाबा, ती पाहुणी नव्हती!"

"घरी आली म्हणजे पाहुणीच," मास्तर म्हणाले.

अर्ज नामंजूर झाला. अर्जदार स्वतःची कामे स्वतः करू शकतात, असे कारण दिले होते. लेकीने फेरतपासणी मागितली आणि मास्तरांजवळ पाणी, गोळ्या आणि मला ठेवून ती कामावर जाऊ लागली. दुसरा इलाजच नव्हता. पहिले काही दिवस निभावले. मग एका दुपारी न्हाणीघरात मास्तरांचा तोल गेला. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो, पण मला हात नाहीत. ओल्या फरशीवर पडून ते आधी लेकीला हाका मारत होते. नंतर त्यांनी हाका मारणे सोडून दिले आणि माझा एक पाय घट्ट धरून ठेवला. लेक संध्याकाळी आली, तोवर आम्ही दोघे तसेच होतो. मोडले काही नव्हते, पण त्या दिवसापासून मास्तरांचे खो खो हसणे मी ऐकले नाही. लेकीने पुन्हा रजा घेतली. फेरतपासणीपर्यंतच थांबतो, असे मालक म्हणाला.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी मास्तर म्हणाले, "आज शर्ट घाल, पण बटणं लावू नकोस."

"का?"

"सांगतो तेवढं कर. आणि त्याला इथे ठेव, माझ्यासमोर."

त्याला म्हणजे मला. निळ्या रेघाही कुणी पुसल्या नाहीत. त्याच बाई पुन्हा आल्या आणि मला वळसा घालून खुर्चीवर बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न लेकीला विचारला. तिने तोंड उघडले, वडिलांकडे पाहिले आणि मान खाली घातली. अंघोळीचे, संडासचे सगळे त्यांच्यादेखत बोलायचे तरी कसे?

"तू थांब," मास्तर म्हणाले. "बाई, इकडे बघा."

त्यांनी शर्टाचे वरचे बटण धरले. बोटे थरथरत काजापाशी जायची आणि निसटायची. पुन्हा जायची, पुन्हा निसटायची. लेक पुढे होऊ लागली, तर त्यांनी नजरेनेच तिला थांबवले. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटत होते, कुणीतरी हे थांबवा. अंगात बळ नसलेल्या माणसाला मदत हवी, तर आधी त्याने आपली लाज उघडी करून दाखवायची, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले. "लिहा, बाई. कटिंग मास्तरला स्वतःचं बटण लावता येत नाही. अंघोळ लेक घालते. संडासला तीच नेते. हा नसला तर मी इथून तिथे जाऊ शकत नाही. लिहा सगळं."

बाईंचे पेन थांबले. "मास्तर, मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"मागच्या वेळी तुम्ही पाहुण्या होतात."

मग बाई लिहू लागल्या. लेकीने स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, पण तिचे रडणे मला ऐकू आलेच. ती परत आल्यावर मास्तरांनी मान वर केली आणि हळूच म्हणाले, "आता लाव पोरी."

भत्ता मंजूर झाला. सकाळी मदतनीसकाका येऊ लागले, लेक कामावर जाऊ लागली. नोकरी वाचली. पण मंजुरी आली त्या दिवशी घरात कुणी हसले नाही. मास्तर बरेच दिवस टेबलाकडे पाठ करून बसत.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी गळ्यातली टेप काढून लेकीच्या हातात दिली. "माप घे."

"कुणाचं?"

"या तुझ्या स्टँडचं. मुठी बघ, फाटून गेल्यात. हाताला लागतात."

लेकीने माझे माप घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझे माप घेत होते! पेटीतून सुटाच्या कापडाचे राखाडी तुकडे निघाले. मास्तरांनी निळ्या खडूने कापडावर खूण केली. हात थरथरत होता, रेघ नागमोडी पडली. लेक मशीनवर बसली आणि त्याच नागमोडी रेघेवरून तिने शिवण घातली, कुठेही सरळ केली नाही. माझ्या मुठींना सूट चढला.

पुढे एकदा दार वाजले. मास्तरांच्या हाताखाली शिकलेला एक शिंपी आला होता, आता त्याचे मोठे दुकान आहे. सवयीने लेकीने मला उचलले आणि ती आतल्या दाराकडे वळली.

"राहू दे त्याला," मास्तर म्हणाले. "चांगला सूट घालून बसलाय तो."

मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी आजवर जगतो आहे.

मास्तर गेल्यावर लेकीने मला पुसून केंद्रात परत आणले. तिथला माणूस मुठींचे कापड काढायला निघाला, तर ती त्याच्यावर केवढी ओरडली! ते कापड अजून आहे. थोडे विरले आहे, पण नागमोडी शिवण उसवलेली नाही.

तुमच्या घरात कुणाला माझी गरज पडली, तर मला आडोशाला ठेवू नका. पाहुण्यांना काय वाटायचे ते वाटू दे. आणि तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी त्या बाईंच्या जागी बसेल. समोर एखादे आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, हसून सांगतील की मला काही होत नाही, मी अगदी ठणठणीत आहे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त लिहिण्याआधी उठा आणि आतल्या दाराआड एकदा डोकावून पाहा. मी तिथे असेन.