पंधराशे की तेराशे

आमच्या गाडीचं इंजिन तेराशे सीसीचं आहे की पंधराशेचं, हे घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. याचं कारण आमचे दादाअब्बा, म्हणजे माझ्या अब्बांचे अब्बा. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, "पंधराशे. झालं?" आणि पेपर वर करायचे.

गाडी इटलीची आहे. दादाअब्बा कुवेतला नोकरीला होते, तिकडून परत येताना त्यांनी ती जहाजातून आणली. बिबवेवाडीत आमचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड. माझ्या जन्माआधीपासून गाडी त्या शेडमध्ये उभी आहे. तिच्या डिकीवर मॉडेलचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, अल्फासूद. नावाच्या शेजारी इंजिनाचा आकडा. एकदा जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर कुणीतरी म्हणालं, "काय अय्युबमियाँ, सूद घेऊन नमाजला येता?" सूद म्हणजे व्याज, आणि व्याज आमच्यात हराम. लोक हसले. दादाअब्बांनी घरी येऊन स्क्रू ड्रायव्हर घेतला, डिकीवरची सगळी अक्षरं उचकटली, सोबत आकडाही उचकटला आणि सगळं कॅनॉलमध्ये टाकून दिलं. आता तिथे भोकं आहेत.

इटालियनमध्ये सूद म्हणजे दक्षिण. हे मला मोबाईलवर दोन सेकंदांत कळलं. गाडीचा कारखाना त्यांच्या दक्षिणेत होता, म्हणून ते नाव. आपल्याकडे असती तर अल्फा-दख्खन म्हटलं असतं. मी हे दादाअब्बांना सांगितलं.

"तेव्हा सांगायचं होतंस," ते म्हणाले.

तेव्हा माझे अब्बासुद्धा हाफ चड्डीत होते.

आरसी बुक वाळवीने खाल्लंय. इंजिनावर नंबर कोरलेला आहे, पण त्यातली पहिली अक्षरं तेवढी वाचता येतात, पुढे नुसता गंज. इतकी वर्षं या सगळ्याने कुणाचं काही अडत नव्हतं. यंदा अडलं, कारण कचरूशेट नावाच्या सोफेवाल्यांना शेड भाड्याने हवी होती आणि अब्बांनी त्यांना जवळजवळ हो म्हटलं होतं. मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग अब्बांनी फर्मान काढलं, "ईदपर्यंत गाडी चालू झाली तर राहील. नाहीतर भंगारात. आणि मग तोंड फुगवून बसायचं नाही."

इंजिन आम्ही आधीच बाहेर काढलं होतं. त्याच्या रिंगा गेल्या होत्या. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, ती झिजली की इंजिनात दम राहत नाही. या रिंगा पुण्यात मिळत नाहीत. मी नाना पेठेतल्या दुकानात जाऊन विचारलं होतं, "बॉक्सर इंजिनाच्या रिंगा आहेत?" दुकानदार म्हणाले, "आहेत की. बॉक्सरचं कोणतं मॉडेल?" आणि मोटारसायकलच्या रिंगा काउंटरवर ठेवल्या. मी समजावलं की ही कार आहे आणि हिचे पिस्टन आडवे असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, एकमेकांना बुक्के मारल्यासारखे, म्हणून बॉक्सर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मारामारी असेल तर रिंगा टिकायच्या नाहीत," ते म्हणाले.

सुदैवाने अरफातचाचा इटलीत आहेत, तुरीनमध्ये, एका हॉटेलच्या किचनमध्ये. ते ईदला घरी येणार होते. तिथल्या एका दुकानात त्यांना दोन्ही सेट सापडले होते, तेराशेचा आणि पंधराशेचा. निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते दुकानात जाणार होते आणि आणणार होते एकच सेट. "दोन्ही आण म्हणायला तो आपला ट्रान्सपोर्टवाला नाही," असं अब्बांनी आधीच सांगून टाकलं. चुकीचा सेट आला की गाडी भंगारात. इतकं सरळ होतं.

माझा चुलतभाऊ राहिलभाई कॉमर्सला आहे, पण गाड्यांचे व्हिडिओ माझ्याहून जास्त बघतो. तो इंजिनाकडे बघून म्हणाला, "दोन कार्बोरेटर आहेत. म्हणजे पंधराशे. विषय संपला."

"दोन कार्बोरेटर तेराशेवरपण येतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"ज्याने तुला सांगितलं त्यानेच. तू व्हिडिओ अर्ध्यात बंद केलास."

मी सगळे आकडे पाठ केले होते. हे इंजिन चार मापांत यायचं. सगळ्यात लहानात पिस्टन एकोणसाठ मिलिमीटर वरखाली होतो, त्याच्या पुढच्यात चौसष्ट, आणि शेवटच्या दोघांत सदुसष्ट. आधी ते मोजायचं ठरलं. अम्मीची विणकामाची सुई प्लगच्या भोकातून आत घातली. ती तिरकी जाऊ नये म्हणून राहिलभाईने बाटलीच्या बुचाला भोक पाडून ते तिथे बसवलं. (तो कामाचा आहे, फक्त बोलतो जास्त.) फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, हाताने फिरवलं, सुई खाली गेली, वर आली. सदुसष्ट. म्हणजे लहान दोन्ही बाद, आणि आम्ही जिथे होतो तिथेच, कारण तेराशे आणि पंधराशे दोन्ही सदुसष्टच. फरक फक्त सिलिंडरच्या रुंदीत. एकाची ऐंशी मिलिमीटर, दुसऱ्याची चौऱ्याऐंशी.

"मग हेड उघडू आणि मोजू," राहिलभाई म्हणाला. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण.

अब्बा दुसऱ्या गाडीखाली होते. तिथूनच आवाज आला, "हात लावू नका."

अब्बांच्या गॅरेजचा नियम आहे. नवा पार्ट फळीवर आल्याशिवाय जुनं काहीही उघडायचं नाही. त्यांच्या मते पुण्यातल्या निम्म्या गाड्या कुणीतरी "फक्त उघडून बघू" म्हटल्यामुळे मेल्या आहेत.

"पण अब्बा, उघडल्याशिवाय पार्ट कळत नाही, आणि पार्ट आल्याशिवाय तुम्ही उघडू देत नाही."

"दहावीला आहेस ना? डोकं वापर."

हे त्यांनी मला गप्प करायला म्हटलं होतं.

मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. प्लगच्या भोकातून तेल काठोकाठ भरायचं. मग पिस्टन चाळीस मिलिमीटर खाली घ्यायचा, त्याहून जास्त नाही, कारण पुढे व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पळून जातं. तेल खाली जाईल. पुन्हा काठोकाठ भरायला जितकं लागेल तितकी आतली पोकळी. सिलिंडर ऐंशीचा असेल तर दोनशे एक मिली, चौऱ्याऐंशीचा असेल तर दोनशे बावीस. मेडिकलमधून पन्नास मिलीची मोठी सिरिंज आणली. म्हणजे चार सिरिंज दोन्हीकडे लागणारच होत्या. फैसला पाचवीत होता. पाचवी सुरू होता होता संपलं तर तेराशे, निम्म्याजवळ गेली तर पंधराशे.

शनिवारी दुपारी आम्ही इंजिन कुशीवर वळवलं, म्हणजे एका बाजूचे सिलिंडर आकाशाकडे. फ्लायव्हीलवर खडूने दोन खुणा केल्या, एक वरच्या टोकाची, एक चाळीस मिलिमीटरची. दादाअब्बा खुर्ची घेऊन आले, बसले आणि म्हणाले, "पंधराशेच आहे. पण करा, तुमचा वेळ जाईल."

पहिल्या खेपेला साधं इंजिन ऑईल वापरलं. पाचवी सिरिंज पूर्ण रिकामी झाली तरी तेल भरेना. खाली ताटलीत टपटप आवाज येत होता.

राहिलभाईला आनंद आवरेना. "दोनशे पन्नास! सुहाना मॅडम, तुमच्या गणिताने हा ट्रक निघाला."

तेल झिजलेल्या रिंगांमधून गळत होतं. रिंगा झिजल्यात म्हणून तर हे सगळं चाललं होतं, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. मला पातळ तेल नको होतं, घट्ट हवं होतं. मी गॅरेजमधलं एकशेचाळीस नंबरचं गिअर ऑईल घेतलं, जे काकवीसारखं असतं, ते स्टीलच्या डब्यात ओतलं, आणि डबा घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवला. दुधाच्या शेजारी. अम्मी काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तासाभराने ते तेल सिरिंजमध्ये ओढायलाच दोघं लागली. काठोकाठ भरलं, बुडबुडे निघेपर्यंत इंजिन हलवलं, पिस्टन खुणेपर्यंत खाली घेतला. एक. दोन. तीन. चार. ताटलीत आवाज नाही. पाचवी सिरिंज लावली, दट्ट्या जरासा दाबला आणि तेल भोकाच्या काठावर येऊन थांबलं.

"किती?" दादाअब्बांनी विचारलं.

"चार मिली. म्हणजे दोनशे चार."

"कमी ओतलं असशील."

"आत हवा राहिली असेल," राहिलभाई म्हणाला. हे मात्र बरोबर होतं. म्हणून आम्ही इंजिन तिरकं करून पुन्हा केलं. दोनशे पाच. मग शेजारच्या सिलिंडरमध्ये केलं. दोनशे सहा.

"बघा, वाढतंय," दादाअब्बा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बावीसवर जाईल."

"दादाअब्बा, गळतं तेव्हा आकडा वाढतो. गळून गळून तो कमी होऊ शकत नाही. पंधराशेला दोनशे बावीस लागलेच असते आणि वर गळती. दोनशे चार मिलीत पंधराशेचा सिलिंडर भरूच शकत नाही."

माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण अब्बा गाडीखालून बाहेर आले. ते ताटलीकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षं दादाअब्बा ज्याला त्याला पंधराशे सांगत आले होते. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

तेवढ्यात अरफातचाचांचा व्हिडिओ कॉल आला. ते दुकानात काउंटरसमोर उभे होते, मागे एक टकले गृहस्थ हात बांधून. काउंटरवर दोन खोके.

"भाईजान, लवकर बोला. हे शटर ओढतायत. कोणता घेऊ?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाअब्बांकडे. मोबाईल त्यांनी दादाअब्बांच्या हातात दिला. गाडी त्यांची होती.

"अब्बा? पंधराशेचा ना?" चाचांनी विचारलं.

दादाअब्बांनी मोबाईल तोंडाच्या फार जवळ धरला होता, चाचांना नुसती दाढी दिसत असणार. मी बोलायला तोंड उघडलं. राहिलभाईने माझी वेणी ओढली.

"तेराशेचा घे," दादाअब्बा म्हणाले. "आणि त्याला सांग, लहान आहे, तर भाव पण लहान कर."

मग मोबाईल अब्बांना देऊन ते खुर्ची उचलून घरात गेले. मलाही फार बरं वाटलं नाही. पण थोडं वाटलं.

चाचा मंगळवारी आले. सेट फळीवर ठेवला, तेव्हा कुठे अब्बांनी हेडचे नट सैल केले. एक नट अर्धा तास हलला नाही, त्या वेळात अब्बांनी इटलीच्या सात पिढ्या काढल्या आणि चाचांनी इटलीची बाजू घेतली. हेड निघालं, मागोमाग पिस्टनही बाहेर आला. दादाअब्बा आले होते, पण दाराशीच उभे राहिले.

अब्बांनी नवी रिंग खोक्यातून काढली, पुसली आणि माझ्याकडे दिली. "मोजलंस तू. घाल."

रिंगेला एका जागी छेद असतो, म्हणून ती जराशी दाबून सिलिंडरच्या तोंडाशी धरली. पंधराशेचा सिलिंडर असता तर ती आत सैल पडली असती. पिस्टन उलटा धरून मी तिला हळूच आत ढकललं. ती भिंतीला सगळीकडून घासत गेली आणि थांबली. दोन टोकांमध्ये केसाएवढी फट, जेवढी असायला हवी तेवढीच. मी टॉर्च मारला, अब्बांनी वाकून बघितलं, चाचांनी बघितलं. मग आम्ही तिघेही बाजूला झालो, कारण दादाअब्बा दारातून पुढे आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"आता नीट बांधा," ते म्हणाले. "ईदला मला कोंढव्यापर्यंत जायचंय."

अब्बांनी हात पुसले आणि कचरूशेटना फोन लावला. "शेट, सोफ्यांसाठी दुसरी जागा बघा. नाही नाही, भाड्याचं काही नाही. शेडमध्ये आमची गाडी आहे." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. अब्बांनी ते सगळं ऐकलं. "हो, तीच. चालते," ते म्हणाले, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "आता चालव म्हणजे झालं. दुसरी रिंग घे."