मागच्या जिन्यावरची खोली

गिरगावातल्या त्या दुमजली घराचं आता कलादालन झालं होतं, आणि उद्घाटनाला ललिताबाईंना मोठ्या मानानं बोलावलं होतं. मान म्हणजे काय, तर दिवा लावायचा, दोन शब्द बोलायचे आणि तोवर ताटकळत उभं राहायचं. अख्ख्या घरात टेकायला एक खुर्ची ठेवली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कौतुकापेक्षा खुर्ची लागते, हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

घर मात्र छान सजवलं होतं. सागवानी खांब घासूनपुसून चकचकीत केले होते, पुढच्या जिन्याचा नक्षीचा कठडा जसाच्या तसा राखला होता. ललिताबाई या घरात थोरली सून म्हणून आल्या आणि उभा जन्म इथे राबल्या. आज पाहुणी म्हणून आल्या, तरी पाय दुखायचे ते दुखतच होते.

नात मनवा त्यांना हाताला धरून मागच्या जिन्यावरच्या खोलीत घेऊन आली. खोली एवढीशी. घरात उघडणारं दारच नाही, एकच दार, तेही मागच्या जिन्यावर. स्वयंपाकघराच्या भिंतीत ताट सरकेल एवढा झरोका. दाराशेजारी पाटी होती, 'थोरल्या सूनबाईंची अभ्यासिका'.

"आजी, तू इथे अभ्यास करायचीस?"

"कसला गं अभ्यास! पाळी आली की चार दिवस बाजूला बसवायचे इथे. सासूबाई त्या झरोक्यातून ताट सरकवायच्या. घरात पाऊल टाकायचं नाही."

मनवा लालबुंद झाली. "मग अभ्यासिका कोणी लिहिलं हे?"

तेवढ्यात ललिताबाईंचे धाकटे दीर रमाकांत धापा टाकत वर आले. "मीच सांगितलं तसं. वहिनी, खाली पेपरवाले आलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची! भाषणात एवढंच म्हणा, मी इथे वाचत बसायचे. कोणाचं काय जातंय?"

"खोटं का बोलेल ती?" मनवा उसळली. "आजी, तू माइकवर सगळं खरं सांग. बायकांना वाळीत टाकायची खोली होती ही!"

"लोक घराला हसतील, कळतंय का तुला?" रमाकांत तणतणत खाली गेले.

दिराला घराची अब्रू हवी होती आणि नातीला न्याय. दोन्ही गोष्टी ललिताबाईंनीच उभ्याने बोलून मिळवून द्यायच्या होत्या. त्यांना दोघांचाही वैताग आला.

"अपमान होताच गं," त्या म्हणाल्या. "तहान लागली तरी हाका मारून पाणी मागायचं. नवीन लग्न झालेलं, रडायचे मी. ते विसरले नाही. पण नंतर काय झालं सांगू? या चार दिवसांत मला कोणी काम सांगायचं नाही. चहा टाक नाही, पाहुण्यांचं बघ नाही. मी आपली पाय पसरून झोपायचे. तुझ्या आईबापाला ठाऊक नाही, पण पाळी बंद झाली ना माझी, तरी वर्षभर मी घरात कोणाला सांगितलं नाही. महिन्याच्या महिन्याला पाळी आल्याचं सांगून इथे येऊन झोपत होते."

आता रागवायचं कोणावर, तेच मनवाला कळेना. आजीला असं चोरून झोपावं लागलं, याचं तिला भयंकर वाईट वाटलं. "मग हेच सांग ना खाली," ती हळूच म्हणाली.

"हे कुठल्या पाटीवर मावणार, बाळा?"

खाली माइक खरखरला. दालन चालवणारी दीपिका उत्साहानं पुकारत होती, "ललिताकाकू कुठे आहेत? काकू, या ना, दीपप्रज्वलन करायचंय!"

ललिताबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली फरशीवर बसल्या. ठेवणीतलं लुगडं चुरगळलं तर चुरगळलं. पाय लांब केले, डोळे मिटले.

"मनू, दार ओढून घे," त्या म्हणाल्या. "आणि खाली जाऊन सांग, आजीला कावळा शिवलाय."