न घातलेला रकाना

"तो रकाना मी घालणार नाही," ग्लेनिस म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवून शांतपणे खाऊ लागली.

विनयार्ड गावातल्या आमच्या पतसंस्थेत तिने एकतीस वर्षं संगणकापुढे काढली होती. फोनवरून पैसे द्यायची नवी सोय तिनेच बांधली होती आणि दोन महिन्यांत ती गावभर रुळलीही होती. आता संचालकांना तीत एकच रकाना वाढवून हवा होता: पैसे कुणी दिले. ती माहिती विकली की चार पैसे सुटतात. शुक्रवारपर्यंत रकाना घाल, नाहीतर घरी जा, असा त्यांचा निरोप होता. आमचा व्यवस्थापक डॅरिल तो खाली बघून सांगत होता. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता.

"अगं, सगळेच अशी नोंद ठेवतात. लपवण्यासारखं नसेल तर बिघडलं कुठं?" तो म्हणाला.

"शेतकऱ्याने रस्त्याकडेला मांडून ठेवलेल्या फळीवरून अंडी उचलतोस, शेजारच्या पैशांच्या डब्यात नाणं टाकतोस. तिथं नाव लिहून येतोस का रे?"

"तिथं कोण बघतंय?"

"तेच म्हणतेय मी."

आम्ही हसलो. ती हसली नाही. अकरा वर्षांत जे आम्हाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. दर महिन्याच्या खातेपत्रकात दुकानाचं नाव, दिवस, वेळ छापायची कल्पना तिचीच. त्याबद्दल संस्थेने तिला कप दिला होता; तिच्या टेबलावर त्यात पेन्सिली असत. त्याच वर्षी तिची बहीण नोरीन मारकुट्या नवऱ्याला सोडून इथे लपून राहिली. खातं दोघांच्या नावावर होतं. पत्रक त्याच्या घरी जात राहिलं. तीन मंगळवार, सकाळी नऊ, तीच बेकरी. चौथ्या मंगळवारी तो बेकरीच्या दारात उभा होता. नोरीनचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

"पत्ता मी दिला त्याला, डॅरिल. वर कप घेतला."

मग तिने पुन्हा एकदा समजावलं. फोनमधलं नाणं म्हणजे नुसता एक नंबर; संस्था त्यावर शिक्का मारते, पण जणू बंद पाकिटावरून. शिक्का आत उमटतो, नंबर संस्थेला दिसत नाही. नाणं दुकानातून परत आलं की ते खरं आहे एवढंच कळतं. दुकानाची विक्री दिसते, घेणारा दिसत नाही.

"मला काढा खुशाल. उद्या माझीच मती फिरली तरी पैसे कुणी दिले हे मलाही शोधता यायचं नाही. तसंच बांधलंय."

शुक्रवारी तिला काढलं. तिच्याशी असं वागल्याचा राग मला आजही आहे. जाताना तिने पेन्सिली नेल्या, कप ठेवला. तो रकाना घालायचा तर सगळंच पाडून नव्याने बांधावं लागलं असतं, आणि दुकानदार तेवढं थांबायला तयार नव्हते.

पुढच्या मंगळवारी सकाळी बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे नोरीन होती. अकरा वर्षं ही बाई सुटी नाणी घेऊन दर वेळी वेगळ्या दुकानात, वेगळ्या वेळी जात आली होती. तिने डाव्या हाताने फोन पुढे केला, पाव काखेत घेतला आणि निघाली. दारात ती थांबली नाही. इकडेतिकडे बघितलंही नाही.

दुपारी डॅरिलच्या पडद्यावर ती नोंद होती. बेकरी, नऊ वाजून चार मिनिटं, सात डॉलर. त्यापुढे काहीच नव्हतं.