शिखाला विचारून घेतलेली गिटार

पस्तिसाव्या वर्षी नीतूने गिटार शिकायचं ठरवलं आणि ती विकत घ्यायला धारहून देवासला गेली. धारमध्ये मिळत नव्हती असं नाही. पण देवासला तिने नर्सिंगची चार वर्षं काढली होती आणि तिथल्या हॉस्टेलात तिची रूममेट शिखा रोज संध्याकाळी गिटार वाजवायची. नीतू समोरच्या कॉटवर बसून ऐकायची. आता शिखा आयर्लंडला होती, नऊ वर्षं झाली. वाढदिवसाला एक मेसेज, एवढंच राहिलं होतं.

दुकानदार मोनूभियांना तिने सांगितलं, "पहिल्यांदाच शिकतेय. पाच हजारांच्या आत दाखवा."

त्यांनी दोन काढल्या, एक मोठी काळी, चकचकीत, दुसरी लहान, साध्या लाकडी रंगाची. "काळी घ्या दीदी, सब यही ले जाते हैं."

नीतूने काळी मांडीवर घेतली. तिला काहीच कळेना. मग तिने शिखाला व्हिडिओ कॉल लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं.

"नीतू? घरी सगळे बरे ना?" शिखाचे केस ओले होते, ड्यूटीवर निघायची तयारी चालली होती.

"बरे आहेत. मी गिटार घेतेय. कोणती घेऊ?"

शिखाने फोन डोळ्यांजवळ नेला. मग हसली. "काळी ठेव बाजूला. तुझा हात तिच्यावरून पुढे पोचतच नाहीये. ती लहान घे. आता दांडीच्या मध्यावर फोन धर, तारा लाकडापासून किती वर आहेत बघू दे. फार उंच असल्या तर बोटं सोलतील आणि आठ दिवसांत सोडून देशील."

लहान गिटारच्या तारा बेताच्या उंच होत्या.

"आता दांडीवरच्या एकेका पट्टीवर तार दाबून छेड. खरखर कुठे होते?"

तिसरी तार पाचव्या पट्टीवर खरखरली. "भिया, हिचाच दुसरा पीस आहे?" नीतूने विचारलं. मोनूभिया कुरकुरत स्टुलावर चढले, वरून दुसरा काढून दिला. तो सगळीकडे स्वच्छ वाजला.

"हीच घे. आणि ट्यूनर, कव्हर मागून घे त्यांच्याकडून."

"तुझी गिटार कुठेय गं?"

"भावाकडे ठेवून आले. इथे मग घेतलीच नाही." शिखाने बोटांची टोकं कॅमेऱ्यासमोर धरली. "बघ, मऊ झालीत."

नीतूला खूप काही बोलायचं होतं. तिने विचारलं, "थंडी आहे का तिथे?"

"आहे. चल, बस येईल माझी."

धारला नीतू रोज ड्यूटीच्या आधी अर्धा तास बसू लागली. बोटं दुखली, मग टोकांची कातडी घट्ट झाली. महिन्याभराने तिने दोन कॉर्ड रेकॉर्ड करून शिखाला पाठवले. पाचव्या दिवशी शिखाचा व्हॉइस मेसेज आला, "दुसरं बोट पट्टीच्या आणखी जवळ आण." मागे एक लहान मूल इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. शिखाला मूल आहे हे नीतूला माहीत नव्हतं. तिने तो मेसेज कितीदा तरी ऐकला.

मग तिने लिहिलं, "ये ना एकदा." पुसलं. परत लिहून पाठवलं.

"रजा मिळाली तर डिसेंबरात," उत्तर आलं.

नीतूने पाहुण्यांच्या खोलीतलं सामान हलवलं, नवी चादर आणली. आईने विचारलं, "कोण येतंय?" "माझी मैत्रीण," ती म्हणाली. वीस डिसेंबरला कळलं की रजा मिळाली नाही. नीतूने चादर घडी घालून कपाटात ठेवली आणि शिखाला लिहिलं, "तुझ्या लेकराचं नाव काय?"

"चिऊ म्हणतो आम्ही," शिखाने लगेच लिहिलं आणि सोबत फोटो पाठवला.