एकाच खिशाचा कोट

शिवणकाकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांना अडुसष्टावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "एक तर पायमशीन ठेवा, नाहीतर गुडघे ठेवा." काकूंनी दोन दिवस विचार करून गुडघे ठेवले. गल्लीतल्या दोन पिढ्यांची मापं तोंडपाठ असलेल्या या बाईंनी एका सकाळी मशीनवर चादर टाकली, आणि त्याच दुपारपासून त्या घरात सगळ्यांच्या पायात पायात येऊ लागल्या.

सगळे म्हणजे तरी कोण? मुलगा मालगाडीवर गार्ड, आठवड्यातले चार दिवस बाहेर. उरली सून. तिचा फोटो स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत होता. भिंतीला पांढरा पडदा, दोन दिवे, एक उंच स्टूल. आणि काकू ज्या लांब टेबलावर कापड बेतायच्या त्याच टेबलावर आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर. काकू दर अर्ध्या तासाने तिथे डोकवायच्या. स्टुलावर गिऱ्हाईक बसलेलं दिसलं की पुढे होऊन त्याची कॉलर सरळ करायच्या आणि विचारायच्या, "बाही तोकडी झालीय हो, कुणाकडून शिवलीत?" सून हसून वेळ मारून न्यायची. स्वभावाने गरीब होती. पण गरीब गायही कधीतरी शिंग उगारतेच. एकदा ती म्हणालीच, "आई, तो पासपोर्टचा फोटो आहे. त्यात बाही येत नाही."

काकू दोन दिवस त्या खोलीत फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी धप्पकन आवाज आला आणि त्या गुडघे विसरून धावल्या. पडदा बांधायला सून स्टुलावर चढली होती, ती स्टुलासकट खाली आली होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर, महिनाभर.

पंचाईत अशी की नेमकं त्याच वेळी मोठं काम हातात होतं. एका फर्निचरवाल्याच्या एकशेचाळीस खुर्च्या. फोटो काढून झाले होते, पण सगळे त्याच्या गोदामातल्या हिरव्या भिंतीपुढे. प्रत्येक खुर्ची भिंतीपासून सोडवून, कापून, पांढऱ्यावर ठेवायची होती, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा कॅटलॉग छापायला जायचा होता.

सून डाव्या हाताने बसली. एका खुर्चीला पाऊण तास गेला, आणि खुर्ची अशी दिसायला लागली की जणू तिला उंदरांनी कुरतडलंय.

काकू मागे उभ्याच होत्या. "अगं, कड खातेयस तू. पायाची गोलाई गेली बघ."

"दिसतंय हो मला. हात ऐकत नाही ना."

"सरक."

"काय?"

"सरक म्हटलं. कापायचंच आहे ना? पन्नास वर्षं दुसरं केलंय काय मी?"

सून आधी हसली, आणि मग दुसरा इलाजच नव्हता म्हणून सरकली.

सुरुवात काही फार सन्मानाची झाली नाही. काकूंनी माउस उचलून कात्रीसारखा हवेत धरला. बाण जागचा हलेना. सुनेने तो हात हळूच टेबलावर टेकवला. मग बाण असा सुटला की कॉम्प्युटरच्या पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला, आणि काकूंची मान त्याच्या मागे. पण तासाभरात हात बसला. सुनेने दाखवलं: खुर्चीच्या कडेवर एकेक टिंब ठेवत जायचं, वळणावर जवळ जवळ, सरळ जागी लांब लांब. काकू म्हणाल्या, "म्हणजे टाचण्या लावायच्या." फेरी पूर्ण होऊन पहिलं टिंब गाठलं की खुर्चीभोवती तुटक रेघ सळसळू लागायची. सून तिला मुंग्या म्हणायची. काकूंना ते पटलं नाही. "मुंग्या कसल्या? हा कच्चा दोरा आहे. आधी कच्चं घालायचं, मग कापायचं. बरोबरच आहे."

एकदा त्यांच्याकडून खुर्चीचा हातच कापला गेला. काकूंनी कपाळाला हात लावला. "गेलं! आता ठिगळ लावावं लागणार."

सुनेने डाव्या हाताने दोन बटणं दाबली. खुर्चीचा हात जागच्या जागी आला.

काकू बघतच राहिल्या. "कापलेलं परत येतं?"

"कितीही वेळा."

"हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नाही," काकू म्हणाल्या, आणि मुद्दाम आणखी एकदा हात कापून परत आणून पाहिला.

एकाच गोष्टीवरून दोघींचं वाजलं. काकूंच्या सगळ्या खुर्च्यांना बारीक हिरवी किनार दिसत होती. सुनेच्या लक्षात कारण आलं. काकू सवयीने कडेच्या किंचित बाहेरून कापत होत्या, शिलाईसाठी माया सोडावी तशी.

"आई, इथे माया सोडायची नाही. उलट केसभर आतूनच कापायचं. नाहीतर मागची भिंत बरोबर येते."

"माया न सोडता कापलेलं टिकतं होय?"

"इथे टिकतं."

"बिनमायेचा धंदा आहे बाई तुझा," काकू कुरकुरल्या. पण त्या दिवसापासून आतून कापायला लागल्या. सून शेजारी बसून सांगायची, त्या करायच्या. कधी कधी ती फारच सूचना करायला लागली की काकू म्हणायच्या, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस, चहा टाक एका हाताने." एकशेचाळीस खुर्च्या वेळेत गेल्या. फर्निचरवाल्याने फोन करून विचारलं, या वेळी काम कुणी केलं? सून म्हणाली, "आमच्याकडे नवीन माणूस लागलंय. अनुभवी आहे."

त्यानंतर चारच दिवसांनी घड्याळजी आले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पंचाहत्तरी ओलांडली तरी डोळ्याला भिंग लावून बसायचे. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन जुने फोटो काढले आणि दार लोटून घेतलं, जणू काही चोरीचा माल आणलाय.

"आमच्या लग्नाला येत्या महिन्यात पन्नास वर्षं होतायत," ते म्हणाले. "लग्नाचा एक फोटो नाही. फोटोवाल्याचा रोल खराब निघाला. आणि ही पहिल्यापासूनच कॅमेरा दिसला की मागे सरकते. तरुणपणचा म्हणाल तर हा एवढा एक."

तो वाचनालयाच्या नोकरवर्गाचा फोटो होता, पायऱ्यांवर तीन रांगांत. त्यांची बायको जन्मभर त्याच वाचनालयात होती. तिथे येणारे सगळे तिला पुस्तकबाई म्हणायचे. शेवटच्या रांगेत अगदी टोकाला ती उभी होती. उजवी बाजू मोकळी, पण डावा खांदा आणि निम्मा कोट शेजारच्या धिप्पाड ग्रंथपालाच्या आड. दुसरा फोटो घड्याळजींचा, त्याच वर्षीचा. नव्या दुकानाच्या दारात छाती काढून.

"दोघांना शेजारी उभं करायचं. होईल?"

"होईल," सून म्हणाली. "उंची कशी ठेवू, काका? कोण उंच?"

घड्याळजींनी घसा साफ केला. "ती. चांगली तीन बोटं."

"सारखी करू का? काही कळणार नाही."

"नको, नको. पन्नास वर्षं तसंच चाललंय, आता कशाला खोटं करता?"

फोटो स्कॅन झाला आणि काकू टेबलाशी बसल्या. गडबड केसांपाशी होती. केस काळे, मागचा दरवाजाही काळा. सॉफ्टवेअरला आपलं आपण निवडायला सांगितलं, तर त्याने पुस्तकबाईंचे अर्धे केस दरवाज्याला देऊन टाकले. मग काकूंनी फोटो इतका मोठा केला की पडद्यावर नुसत्या करड्या चौकटी उरल्या, आणि जिथे एक चौकट दुसरीपेक्षा जराशी उजळ होती तिथून वाट काढत निघाल्या. कपाळ, कानशील, मान. सून म्हणाली, "केसांची कड थोडी मऊ ठेवा हं. इथे बाहेरून गेलात तरी चालेल."

"म्हणजे माणसाला माया चालते तर," काकू म्हणाल्या. सुनेला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी कोटाची पाळी. आड गेलेली बाजू करायची युक्ती साधी होती: दिसणाऱ्या बाजूची नक्कल घ्यायची, ती उलटी करायची आणि दुसऱ्या अंगाला जोडायची. सुनेने डाव्या हाताने ते करूनही टाकलं. "बघा. झाला पूर्ण कोट."

काकूंनी पाहिलं. बटणांच्या दोन रांगा आल्या होत्या.

"हा कोट आहे की बँडवाल्याचा युनिफॉर्म? बायकांच्या कोटाची उजवी बाजू डावीवर येते. बटणं एकच ओळ." बोलता बोलता त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फोटो मोठा करून कोटाच्या खिशापाशी गेल्या. खिशाच्या झाकणाला आडवा धागा होता, कोटाचं कापड उभ्या धाग्याचं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हा मी शिवलाय."

"काय सांगता!"

"अठरा वर्षांची होते. नवीन मशीन आलेलं, आणि हे पहिलं गिऱ्हाईक. एक उंच मुलगी कापड घेऊन आली. मी माप घेतलं, पण उंचीचा हिशेब चुकला. खिशाला कापड पुरेना. एक खिसा कसाबसा झाला, तोही आडव्या धाग्याचा. दुसऱ्याला चिंधी उरली नाही. मी रडायच्या बेताला आले होते. ती म्हणाली, राहू दे, रुमाल मला एकच आहे." काकूंनी डाव्या बाजूवर बोट ठेवलं. "इथे खिसा नव्हता. काढ तो."

सुनेने खिसा काढला. मग काकू सांगत गेल्या आणि स्वतःच करत गेल्या. कॉलर कुठून वळते, खांद्याची शिवण किती मागे जाते, बाही कुठे भरते. फोटोत जे नव्हतं ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. दुपारी जेवणं झाली, आणि पुन्हा दोघी तिथेच. संध्याकाळी पाच वाजता पुस्तकबाई ग्रंथपालाच्या मागून पूर्ण बाहेर आल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या, लांब मानेच्या, आणि दुकानाच्या दारात आपल्या बारक्या नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

फोटो गुपचूप न्यायचं ठरलं होतं. पण ठरल्या दिवशी घड्याळजी आले ते बायकोला घेऊनच.

"कळलं हिला," ते ओशाळून म्हणाले. "अल्बममधला फोटो कुठे गेला म्हणून विचारलं. मला खोटं बोलता येत नाही."

"बोलता येतं, जमत नाही," पुस्तकबाई म्हणाल्या. उंच होत्या, अजूनही ताठ. दारातून आत येताना मात्र सवयीने मान खाली घातली.

सुनेने फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला. काकूंना घाम फुटला. जन्मभर ट्रायलच्या वेळी त्यांना असाच घाम फुटायचा. शेवटी पुस्तकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं, तुम्ही स्वतःला उंच करून घ्याल."

"विचारलं होतं त्यांनी. मी नको म्हटलं."

पुस्तकबाईंचे डोळे भरून आले, पण तोंडावर हसू होतं. मग त्या काकूंकडे वळल्या. "शाळेपासून मला सांगायचे, उंच मुलींनी मागे उभं राहा. पुढे कुणी सांगायचं बंद केलं, पण मी आपली उभीच मागे. हा कोट मात्र आवडता होता हो माझा. एक खिसा नसलेला. तुम्हाला कसं कळलं?"

"मीच विसरले होते तो लावायला," काकू म्हणाल्या. "म्हणजे विसरले नव्हते. कापड कमी पडलं होतं."

पुस्तकबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तू! ती वेणीवाली? रडवेली झालेली?"

"तीच."

पुढचा अर्धा तास स्टुडिओत कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, सगळे बोलत होते. घड्याळजी कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून बसले. निघायच्या वेळी पुस्तकबाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"एक आजचाही काढाल का? दोघांचा. मी पुढे उभी राहते."

सुनेने कॅमेरा स्टँडवर चढवला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. काकूंनी आधी जाऊन दोघांच्याही कॉलरी सरळ केल्या. या वेळी सून त्यांचं होईपर्यंत थांबली.

महिन्याने प्लास्टर निघालं. काकू उठून उभ्या राहिल्या, "घे बाई तुझी जागा," म्हणाल्या. सुनेने मनगट वळवून पाहिलं आणि म्हणाली, "अजून जरा दुखतंय." डॉक्टरांनी दोन दिवसांपूर्वीच सगळं ठीक सांगितलं होतं, आणि ते काकूंनी शेजारी बसून ऐकलं होतं. त्या मुकाट्याने परत बसल्या. पुढे त्या टेबलाला दुसरी खुर्ची आली; सून फोटो काढायची, काकू कापायच्या.

परवा मुलगा चार दिवसांनी ड्यूटीवरून आला. भूक लागली होती. पुढच्या खोलीच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "आज जेवायला काय आहे?"

टेबलाशी दोन डोकी जवळ जवळ होती. पडद्यावर एका लहान मुलीचा फोटो होता आणि तिच्या कुरळ्या केसांवरून वाद चालला होता.

"पाच मिनिटं," सून म्हणाली.

"दहा," काकू म्हणाल्या. "आणि आलाच आहेस तर कांदा चिरून ठेव. बारीक चीर."